रेवतामाय आणि सरकारी होडी

रेवतामायच्या तेरवीला एका पुढाऱ्याने भाषण केलं. तेरवीला भाषण कशाला, असं आमच्या भागात कोणी विचारत नाही. माणसं जमली आणि माईक असला की भाषण होतं. तो म्हणाला, "एक साधीभोळी माउली आपल्यातून निघून गेली." मी पत्रावळीसमोर बसले होते. वरणभाताचा घास हातातच राहिला.

ती साधी नव्हती. भोळी तर मुळीच नव्हती. ती भांडखोर होती, बढाईखोर होती. पंगतीत शेजारच्याच्या पानातलं मासोळीचं डोकं हक्काने उचलायची आणि वर म्हणायची, "तुले खाताच येत नाई, कायले वाया घालवतेस?" स्वतःची चूक तिने जन्मात दोनदाही कबूल केली नसेल, एकदा केली, ती नेमकी नको तिथे. गरीब बाई मेली की तिला साधीभोळी म्हणून टाकायचं, ही फार सोयीची पद्धत आहे. साध्याभोळ्या माणसाने काही विचारलेलंच नसतं, मग उत्तर कोण देणार? रेवतामायने विचारलं होतं. मोठ्याने, काठावर उभं राहून, साहेबाच्या तोंडावर विचारलं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी जागा सांगते. इटियाडोह धरणाच्या भिंतीवर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना पाणी दिसतं आणि पाण्यापलीकडचं जंगल दिसतं. त्या जंगलाच्या पायाशी एक टोली आहे, ती दिसत नाही. तिला डोहटोली म्हणतात. घरं थोडी, बहुतेक ढिवरांची. पाण्यात मासोळी धरायची आणि ठेक्याने घेतलेल्या बांधीत धान लावायचं, असं दोन्हीवर त्यांचं चालतं. केशोरीकडून टोलीला जायला वळसा घालून कच्चा रस्ता आहे, मधे नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल आहे. पहिला मोठा पूर आला की रपटा जातो, तो थेट दिवाळीच्या पुढे दुरुस्त होतो. दरवर्षी जातो, दरवर्षी दुरुस्त होतो. त्यात कोणाचं काय भलं होतं ते सांगायला मी पत्रक काढलं होतं, इथे पुन्हा लिहीत नाही. मधले महिने टोलीचा रस्ता म्हणजे पाणी. रेशन पाण्यावरून, शिक्षक पाण्यावरून, बाळंतीण पाण्यावरून.

त्या रस्त्याच्या मागणीसाठी मी तिथे गेले. मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीची. घरी अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारी, होडीत कधी पाय न ठेवलेली. आमची एक लहान संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहिते. पहिलं पत्रक टोलीत कोणीतरी वाचून दाखवलं. 'शासनाने तातडीने लक्ष घालावे' या वाक्यापाशी एक बाई उठली. काळी, उंच, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला.

"हे शासन म्हनते, ते कोन होय?"

मी समजावून सांगायला लागले. तिने मला अडवलं. "ते नाई विचारलो, कागदवाली. लक्ष कोनाच्या हातानं घालनार, ते विचारून रायलो. हात कोनाचा हाये तेथं?"

मग ती हसली आणि खाली बसली. त्या दिवसापासून तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. मी कागदवालीच राहिले.

ती हात का म्हणाली, ते मला नंतर कळलं. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडून तिचा उजवा कोपर मोडला होता आणि कोणा वैदूने तो बांधला तो वाकडाच बसला. त्यामुळे तिचा हात जिथे सगळ्यांचे हात अडतात तिथून पुढे वळायचा. लांब, बारीक आणि कोपऱ्याआडही वळणारा हात. डोंग्याच्या, म्हणजे इथल्या लाकडी नावेच्या, पुढच्या फळीखाली, जिथे बाप्यांची मनगटंही शिरत नाहीत, तिथे हिचा खांदा लागेपर्यंत हात जायचा. "देवानं मले चिमटा देल्ला," ती सांगायची, आणि ही गोष्ट टोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायची, तलाठ्यापासून बांगडीवाल्यापर्यंत.

डोंगे पुरुष बांधायचे, पण फटी बुजवायला तिलाच बोलवायचे. ती डोळे मिटून हात आत घालायची आणि तोंड चालूच ठेवायची. "हा बेंडूक. हे गोगलगाय. हे लाकूड सडून रायला. हे कोनाची बिडी होय रे, सोमा? भावजयीपासून लपवून ओढतेस आन माज्याच डोंग्यात कोंबतेस?" सोमा तिचा दीर. उत्तम नावाडी आणि तिच्या शिव्यांचा पहिला हक्कदार. हात बाहेर काढला की ती बोटांचा वास घ्यायची. सडलेल्या लाकडाचा वास वेगळा, नुसत्या ओल्याचा वेगळा. मग म्हणायची, "होते," म्हणजे अजून चालेल, किंवा म्हणायची, "फेका." मधलं काही नसायचं.

आता होडी. टोलीच्या बाजूला नाही, अलीकडच्या काठावर, विश्रामगृहाच्या खाली एका खात्याने पर्यटन केंद्र काढलं. नौकानयन. पांढरी फायबरची एक लहान शिडाची होडी आणली, एक डोलकाठी, एक शीड. कोणी पाहुणे आले, होडीच्या नाकावर नारळ फोडला, फोटो निघाले. काही रविवार गोंदियाची माणसं येऊन बसली. मग होडी चालवणाऱ्या मुलाचं कंत्राट संपलं आणि तो गेला. होडी खुंट्याला बांधून राहिली आणि चौकीदार तिच्या डोलकाठीवर आपले कपडे वाळू घालायला लागला. जनतेच्या पैशाची दोरी झाली. मी रागावून नाही लिहीत, तिथे खरंच बनियन वाळत असायचे.

टोलीची माणसं तेव्हाच्या साहेबाकडे गेली. तो बरा होता, किंवा बदलीच्या घाईत होता. तो तोंडी म्हणाला, "न्या, पण सांभाळून ठेवा." बदली होऊन तो गेला, त्याचा शब्दही गेला, पण होडी टोलीकडे आली. शीड त्यांना नवं नव्हतं. वारा पाठीशी असला की हे लोक डोंग्यावर बांबूला लुगडं बांधून येतात. पण डोंग्यात आजारी माणूस आडवा निजत नाही, ह्या होडीत निजायचा. दुपारचा वारा धरला की टोलीची बाळंतीण झोपल्या झोपल्या अलीकडे. एक पावसाळा, दुसरा पावसाळा. टोलीला होडी लागली ती सवय म्हणून नव्हे, सडक म्हणून.

आणि साहेबाचा 'सांभाळून ठेवा' हा शब्द रेवतामायने एकटीने अंगावर घेतला.

तिला फायबर मुळीच पटत नव्हतं. लाकूड फुगून आपली फट आपण बुजवतं, फायबर काहीच करत नाही. पहिल्या वर्षी तळाच्या सांध्याशी ओल दिसली, तर तिने डोंग्याला लावतात तशी राळ आणि टोरीचं तेल कढवून लावलं, वर अंबाडीचा धागा दाबला. टोरी म्हणजे मोहाची बी. लाकडावर ते लेप वर्षानुवर्षं टिकतात. होडीवरून तो दुसऱ्या दिवशी सापाच्या कातीसारखा अख्खाच्या अख्खा निघून आला. तिने तो हातात धरून पाहिला आणि मग सोमाला शिव्या दिल्या, राळ विकणाऱ्याला दिल्या, उन्हाला दिल्या, मला दिल्या. मी त्या दिवशी तिथे नव्हतेही.

मग मी गोंदियाहून गुड्डूभाईंना घेऊन गेले. ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतात, काचेच्या धाग्याची जाळी आणि वासाचं ते औषध घेऊन फिरतात. होडी बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"अम्मा, हम तो टंकी वाले हैं. ये तो नाव है."

"टाकी पानी आत धरते, नाव पानी बाहेर धरते," रेवतामाय म्हणाली. "फक्त बाजू बदलाची हाये. काम कर."

गुड्डूभाईंनी केलं. ती शेजारी बसून बघत होती, बघता बघता त्यांच्या हातातला ब्रश घेतला, आणि दुपारपर्यंत ती त्यांना सांगत होती की जाळी कुठे कमी पडली. जाताना ते मला म्हणाले, "दिदी, ये अम्मा को गोंदिया मत लाना, मेरा धंधा बैठ जाएगा." ही गोष्ट तिला सांगितली तेव्हा ती आठवडाभर सगळ्या टोलीला सांगत फिरली.

होडीत हात न पोचणाऱ्या जागा पुष्कळ. मधोमध एक उभी फट, तिच्यातून एक फळी पाण्यात सोडतात, म्हणजे वारा होडीला आडवं लोटत नाही. त्या फटीत खडे आणि शिंपले अडकायचे आणि फळी खाली उतरायची नाही. रेवतामायने मोडक्या छत्रीची तार वाकवून तिचं टोक चपटं केलं, आणि ती तार इतर बायका कानातलं जपतात तशी जपली. दुसरी जागा डोलकाठीचा शेंडा. तिथे एक गडगडी असते, तिच्यावरून शिडाचा दोर फिरतो. एकदा दोर वरच अडकला. सोमाने धोतर खोचलं आणि चढायला निघाला.

"चढ बापा," रेवतामाय म्हणाली. "तू वरते गेला का नाव उलटंल. मंग गडगडी खालती येईल, आन तू तिच्या बी खालती."

"मंग काय करू, वयनी?"

"झाडावर चढता येत नसन तं झाड वाकवाचं."

तिने होडी उथळ चिखलात आणायला लावली, डोलकाठीला दोर बांधून बायकांना ओढायला सांगितलं. होडी कुशीवर झाली आणि डोलकाठीचा शेंडा येऊन बांधावर टेकला. मग ती मांडी घालून बसली, शेंडा मांडीवर घेतला आणि पोरीच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात तसं त्या गडगडीतून काय काय उकरत राहिली. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. "पाह्य," ती मला म्हणाली, "येथं बी अतिक्रमन."

यंदाच्या उन्हाळ्यात होडीचं नाक खाली गेलं. तसं फार नाही. मला तर काही दिसलं नाही. सोमा म्हणाला, वजन पुढे बसलं असेल. रेवतामाय होडीच्या नाकाशी बसली आणि बोटांच्या पेरांनी ठोकायला लागली, बाजारात टरबूज ठोकतात तशी. कान लावायची, ठोकायची, सरकायची.

"नाकात पानी हाये," ती म्हणाली.

होडीचं नाक म्हणजे एक बंद पोकळी. चारी बाजूंनी फायबर, कुठे झाकण नाही, कुठे बूच नाही. आत हवा राहावी, होडी बुडू नये म्हणून केलेली. आत जायला वाटच नाही. आणि हिचं म्हणणं होतं, आत पाणी आहे.

तिने होडी बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं. फळी काढून घरात नेऊन ठेवली आणि म्हणाली, जोवर नाक उघडून बघत नाही तोवर या होडीत कोणी निजणार नाही. टोली तिच्यावर उलटली. आषाढातली आखाडी तोंडावर आली होती, रपटा कधी जाईल सांगता येत नव्हतं, आणि सोमाची सून पोटुशी होती. सोमा भर बैठकीत म्हणाला, "वयनी, चालून रायली ना नाव? काऊन रोकतेस?"

"मधात डोहावर नाक बुडलं तं तुजी सून तूच काढशील का?" ती म्हणाली. "पोवता येते तुले, तिले नाई येत."

आम्ही अर्ज केला. नम्रपणे केला, जे मला जमत नाही ते केलं. पोकळी उघडून तपासायची परवानगी द्या, पावसाआधी द्या. उत्तर आलं की सदर कप्पा हवाबंद असल्याने त्यात पाणी शिरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी ते वाचून दाखवलं. आता ह्यावर माणसाने काय करावं? कागदावर हवाबंद आहे म्हणून पाण्याने आत येऊ नये? पाण्याला ते पत्र कोणी पाठवलं होतं? मी संतापून बोलत होते आणि रेवतामाय लोणच्याच्या एका मोठ्या प्लॅस्टिकच्या बरणीकडे बघत होती. बरणी रिकामी होती, तिला फिरवून लावायचं, आट्यांचं झाकण होतं.

"ह्याचं तोंड माज्या हाताएवढं हाये," ती म्हणाली.

गुड्डूभाई पुन्हा आले. तापवलेल्या सळईने होडीच्या नाकाच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, आरीच्या पात्याने गोल कापला, बरणीचं तोंड कापून त्या गोलात बसवलं आणि जाळी आणि औषधाने पक्कं केलं. आता झाकण फिरवलं की नाक बंद, उलटं फिरवलं की उघडं. मी इतकं साधं आणि इतकं बरोबर काही पाहिलेलं नाही. रेवतामायने पदर खोचला, डोळे मिटले, हात खांद्यापर्यंत आत घातला. आत पाणी होतं. जुनं, कुजकं पाणी. ते तांब्याने उपसताना तिच्या बोटाला काही लागलं. तिने बाहेर काढलं तर गुटख्याची रिकामी पुडी.

ती पुडी तिने वाळत घातली आणि मला म्हणाली, "हे पाह्य कागदवाली. हे नाक बंद कराच्या आधी कोनीतरी येथं हात घातला, पुडी टाकलन, आन वरतून बंद करून टाकलन. त्याचा हात चालला. माजाच काऊन नाई चालत?"

ह्या वाक्याला मी आजवर लिहिलेलं कोणतंही पत्रक पुरं पडत नाही.

पाणी कुठून शिरलं ते अजून शोधायचं होतं. ते झालं की एक ठिगळ, एक दुपार, आणि होडी पाण्यात. पण चौकीदाराने खबर दिली. दुसऱ्या दिवशी खात्याचे एक बाबू आले. जाड, घामाघूम, हातात फाईल, पायात कोरे बूट. सरकारी मालमत्तेस जाणीवपूर्वक छिद्र पाडले, असा पंचनामा झाला. ट्रॅक्टर आणून होडी विश्रामगृहामागच्या आवारात नेऊन ठेवली आणि फाटकाला कुलूप घातलं. पडून असताना जिची आठवण कोणाला नव्हती, ती होडी दुरुस्त होताच सरकारी झाली.

मी तेव्हा पत्रक काढलं. ठेकेदाराने निकृष्ट होडी दिली, तिला तडा गेला, शिक्षा टोलीला. जोरदार झालं होतं. सगळीकडे वाटलं. त्यामुळेच असेल, नवे साहेब चौकशीला आले. आवारात खुर्च्या मांडल्या, आम्हालाही बोलावलं. रेवतामाय एक हंडाभर हळदीचं पाणी घेऊन आली.

"हे कशाला?" साहेब म्हणाले.

"तडा शोधाले. बाहेरून दिसत नसन तं आतून भरून पाहाचं. कोठून घाम येते ते दिसते." तिने झाकण फिरवलं, हळदीचं पाणी नाकात ओतलं, आणि नाकासमोर जाऊन उकिडवी बसली. सगळे बघत होते. बाबूसुद्धा वाकून बघत होते. थोड्या वेळाने पांढऱ्या नाकाच्या अगदी टोकावर एक पिवळी रेघ उमटली, केसाएवढी. मग तिच्या बाजूला आणखी एक. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा, सगळ्या एकाच ठिकाणाहून निघालेल्या.

रेवतामायने बोट ठेवलं. "नारेल," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. साहेबांना कळलं. "नारळ कोणी फोडला इथे?"

"पयला तुमच्या पाहुन्यानं. मंग दर आखाडीले आमी. पानी चढाच्या आधी डोंग्याच्या नाकावर नारेल फोडतो आमी, बापजाद्यापासून. लाकडाले काई होत नाई, लाकूड सोसते. ह्याले सोसलं नाई." ती थांबली. "मीच फोडलो. दुसऱ्याले हात लावू देत नव्हतो."

साहेब हसले. फार सभ्यपणे. बाबूंनी फाईल उघडली. म्हणजे होडी तुम्हीच फोडली, मग तुम्हीच कापली. झालं. माझ्या हातातलं पत्रक मी घडी करून पिशवीत घातलं.

"तडा आमचा," रेवतामाय म्हणाली, उठून उभी राहिली. "मान्य हाये. देवाले देल्ला नारेल, नावेले लागला. पन तडा कोनाले दिसू नये, कोनाचा हात पोचू नये, असा बंद डबा कोनाचा? त्याच्यावर बाई निजते आमची. तुमची नाई निजत."

"बाई, चौकशी डब्याची नाही," साहेब म्हणाले. "छिद्राची आहे."

गुड्डूभाई फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभे होते. जाळी होती, औषध होतं, रेघ सापडली होती. संध्याकाळच्या आत काम झालं असतं. त्यांना आत सोडलं नाही. निर्णय होईपर्यंत होडी आहे त्या स्थितीत ठेवावी, असा आदेश निघाला. आहे त्या स्थितीत. म्हणजे तडा जिथे आहे तिथे, टोली जिथे आहे तिथे.

परतताना मी तिच्यावर चिडले. "माय, कबूल कशाला केलंस? ठेकेदारावर गेलं असतं ना."

"हळद सांगून रायली होती," ती म्हणाली. "मी मधात खोटं कायले बोलू?"

"आणि माझं पत्रक?"

"नवं छाप."

छापलं. त्यात तिचं वाक्य जसंच्या तसं टाकलं, डब्याचं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. होडी अजून त्या आवारात आहे. रेवतामाय धानाची मळणी झाल्यावर तापाने गेली. होडी नव्हती म्हणून गेली असं मला लिहिता आलं असतं, लोकांना पटलंही असतं. पण तेव्हा रपटा दुरुस्त झाला होता, तिला गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. जे झालं नाही ते मी तिच्या नावावर लिहिणार नाही.

जे झालं ते लिहिते. तिला मी शेवटचं पाहिलं ते श्रावणात. रपटा गेला होता. सोमाच्या सुनेला कळा सुरू व्हायच्या खूप आधीच त्यांनी अलीकडे आणून नातेवाइकाकडे ठेवलं होतं, घरदार सोडून, कारण डोंग्यात निजून येता येत नाही. टोलीच्या बांध्या पुरात बुडाल्या होत्या आणि नुकसानीचा पंचनामा करायला माणूस पाठवणं खात्यांना भाग होतं. सगळ्या खात्यांतून कोण येणार होतं? तेच बाबू, उसनी नेमणूक म्हणून. काठावर उभे राहून त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग रेवतामायच्या जुन्या डोंग्याकडे पाहिलं.

"दुसरं काही नाही का?"

"हाये ना," ती म्हणाली. "तुमच्या आवारात."

 बाबू बूट हातात घेऊन डोंग्यात चढले. तिने त्यांना पुढच्या फळीशी बसवलं, जिच्या अगदी टोकाच्या सांध्यातून हा डोंगा वर्षानुवर्षं गळतो आणि जिथे तो मोडल्याशिवाय कोणाचाही हात पोचत नाही, तिचाही नाही. सोमाने वल्हं मारलं. तिने बांबूला लुगडं बांधलं. काठापासून थोडं आत गेल्यावर बाबूंच्या मांडीखाली ओल आली असावी, कारण ते एकदम उठू लागले.

"उठू नोका, डोंगा हालते," रेवतामायचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. तिने एक पत्र्याचा डबा त्यांच्या हातात दिला. "फाईल मांडीवरून काढा, साह्यब. पानी फेका."

"किती वेळ?"

"टोली येत वरी."

मी काठावर उभी होते. लुगड्यात वारा भरला. ती मागे पाठमोरी बसली होती, तो वाकडा कोपर बाहेर काढून, एकदाही मागे न बघता. डोंगा लहान होत गेला. शेवटी माणसं ओळखू येईनात, फक्त पुढच्या फळीशी एक हात दिसत होता, खाली जायचा, वर यायचा, आणि प्रत्येक वेळी पाण्याचा एक फटकारा उन्हात चमकून बाहेर पडायचा.